एका कार्डावर दोघी

४ जून, गुरुवार

बाबांनी आज एक कागद आणला. चार पानी. टेबलावर ठेवून त्याच्यावर मिठाची बरणी ठेवली, जसा काही तो उडूनच जाणार होता.

"भरून टाक," मला म्हणाले.

इथली भाषा नीट वाचता येणारी घरात मीच. भिंगरीलाही येते, पण ती नऊ वर्षांची आहे आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी उभ्याउभ्याच वाचला. वर ठळक लिहिलंय, 'स्वेच्छेने परत जाणाऱ्यांसाठी'. ज्यांच्याकडे इथे राहायचे कागद नाहीत त्यांनी तीस जूनच्या आत आपणहून नाव दिलं, तर सरकार तिकीट काढून देणार. पकडणार नाही, डोक्यावर शिक्का मारणार नाही. तीसनंतर सापडलात तर आधी कोठडी, मग विमान, आणि पुढची दहा वर्षं इकडे पाऊल टाकायचं नाही.

स्वेच्छेने. मला तर कुणी विचारलंसुद्धा नाही.

"मला जायचं नाही," असं मी म्हणाले. मनात. तोंडाने म्हणाले, "पेन सापडत नाहीये."

पेन माझ्या केसांत खोचलेलं होतं. बाबांनी ते बघितलं आणि मिठाची बरणी जरा सरळ केली.

५ जून, शुक्रवार

काल लिहून बरं वाटलं. तोंडाने मला चार वाक्यं सलग जमत नाहीत, वहीत जमतात. तर सगळं पहिल्यापासून लिहिते.

आम्ही आलो तेव्हा मी सात वर्षांची होते, आता सतरा. भिंगरी इथलीच, इथल्या दवाखान्यात जन्मलेली. बाबा लोकांच्या घरांत फरश्या बसवतात. आई आणि मी लाँड्रीत. लाँड्री म्हणजे दुकान नाही, कारखानाच. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी ट्रॉल्या भरभरून येतात, धुतात, वाळतात, मोठ्या रोलरमधून गरम गरम बाहेर पडतात. तिथे आई एका टोकाला, मी दुसऱ्या. एवढ्या मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोन कोपरे तिचे, दोन माझे. एक झटका, दुमड, एकमेकींकडे चालत जायचं, माझे कोपरे तिच्या हातात द्यायचे, खाली वाकून घडी उचलायची. बोलायचं काही कामच नाही. म्हणून मला ते आवडतं.

दारातल्या यंत्रात कार्ड सरकवलं की टिंग होतं आणि हजेरी लागते. आईला स्वतःचं कार्ड नाही. ती मावशीच्या कार्डावर काम करते.

मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे. आमच्या खालच्या मजल्यावर राहते. आपल्याच भाषेची. बावीस वर्षांपूर्वी आली, नवरा इथला होता. नवरा गेला, कागद राहिले. मूलबाळ नाही. सकाळची पाळी मावशीची, सहा ते एक. एकला दारात ती आईच्या हातात कार्ड देते, मग आई एक ते आठ. म्हणजे कागदावर मावशी रोज चौदा तास राबते. सुपरवायझरला सगळं ठाऊक आहे. त्याचं नाव आम्ही कडक इस्त्री ठेवलंय, कारण बसतानासुद्धा त्याच्या पँटीला चुणी पडत नाही. चादरी वेळेवर गेल्या की तो खूश. मालकाला काहीच ठाऊक नाही. 'एवढी कामसू बाई पाहिली नाही' म्हणून त्याने एकदा मावशीला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. मावशीने ते आमच्या खोलीत आणून टांगलं. आईला म्हणाली, "घे बाई, यातले दुपारनंतरचे तास तुझे."

आमच्या खोलीचा करार मावशीच्या नावावर. वीज, पाणी मावशीच्या नावावर. शाळेत भिंगरीची पालक म्हणून मावशी, आधी माझी पण तीच. पालकसभेला मावशी तिचा चांगला कोट घालून जाते. भिंगरीचं प्रगतिपुस्तक तिच्याकडेच असतं, तिच्या कपाटात. बाबांचा नियमच आहे, आपलं नाव कुठे उमटता कामा नये. चिठ्ठी आली, वाचली, फाडली. वर्गाचा फोटो असला की त्या दिवशी माझं पोट दुखायचं.

मी चौदाची झाले तेव्हा शाळेने सांगितलं, वरच्या वर्गात जायचं तर पालकाच्या बोटांचे ठसे लागतील. बाबा म्हणाले, मावशीला आणखी किती अडकवायचं. मग शाळा सुटली. मला काय, वर्गात मी तशीही मुकीच होते. आता भिंगरीचा अभ्यास घेते. वाचनालयातून तिच्या पुढच्या पाच इयत्तांची गणिताची पुस्तकं आणून मी सोडवून ठेवली आहेत. तिला कधी अडलं तर असावीत.

६ जून, शनिवार

वाचनालयात शनिवारी एक वकीलबाई फुकट सल्ला देते. आई आणि मी गेलो. बाबांना सांगितलं, पुस्तक बदलायला जातो.

वकीलबाईचे बूट फाटलेले आणि आवाज खणखणीत. मी दोन्हीकडून बोलत होते. म्हणजे तिचं आईला सांगायचं आणि आईचं तिला. हे मला जमतं. दुसऱ्याचं बोलणं असलं की माझी जीभ चालते.

ती म्हणाली, जायच्या कागदासारखा एक राहायचाही अर्ज आहे. इथे जन्मलेलं मूल असेल आणि कुटुंब सलग आठ वर्षं इथे असेल तर करता येतो. तोही तीस तारखेच्या आत. पण दोन्हींतला एकच. राहायचा अर्ज केला आणि नामंजूर झाला, तर फुकट तिकीट गेलं, सवलत गेली, दहा वर्षांची बंदी आली.

"आठ वर्षं कशी दाखवायची?" आईने विचारलं.

"सोपं आहे. दर वर्षाचा एक तरी पुरावा. पगाराची पावती, भाड्याची पावती, शाळेत पालकाची सही. तुमच्या नावाचं काहीही."

मी सांगितलं तशी आई हसायला लागली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. बाजूच्या टेबलावरचा म्हातारा बघायला लागला.

"तिला सांग," आई म्हणाली, "दहा वर्षं आम्ही हेच कागद फाडत बसलोय."

आईच्या नावाचा एकच कागद निघाला. भिंगरीचा जन्मदाखला. वकीलबाई म्हणाली, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी तुम्ही एक दिवस इथे होता, एवढं नक्की.

९ जून, मंगळवार

बाबा रोज विचारतात, कागद भरला का. मी अधूनमधून एक चौकोन भरते. शनिवारी बाबांचं नाव. रविवारी जन्मतारीख. आज डोळ्यांचा रंग.

"एवढा वेळ?" बाबा म्हणाले.

"खाडाखोड चालत नाही त्यात," मी म्हणाले. हे खरंच लिहिलंय खाली.

बाबा पूर्वी असे नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका घरमालकाने त्यांना फरशी उखडून पुन्हा बसवायला सांगितली, तर फरशीवर पाणसळ लावून दाखवून त्याला गप्प केलं होतं. आता पायऱ्यांवर बूट वाजले तरी दचकतात. मला राग येतो. भित्रा माणूस कुणाला आवडतो.

काम तरी बरं मिळालेलं दिसतंय. हल्ली त्यांचे फरशी बसवताना गुडघ्यांना बांधायचे पट्टे स्वच्छ असतात आणि नखांत सिमेंट नसतं. मोठ्या साइटवर असणार, हाताखाली माणसं असतील.

१३ जून, शनिवार

मला सापडलं. घाईत लिहितेय, अक्षर वाईट येतंय.

दुपारी मावशी वर जेवायला आली होती. भिंगरी तिच्या मांडीवर चढून विचारत होती, या वर्षी गावाहून मला काय आणणार. मावशी म्हणाली, "तुझ्यासाठी नवरा आणते, शेंबडा." आणि मला एकदम चटका बसल्यासारखं झालं.

मावशी दर वर्षी महिनाभर गावी जाते. तिचा पासपोर्ट आहे, ती जाऊ शकते. पण लाँड्रीत एक महिना रजा मिळत नाही. म्हणून त्या महिन्यात आई दोन्ही पाळ्या करते. सकाळी सहा ते संध्याकाळी आठ. दर वर्षी. हा त्या दोघींतला व्यवहार आहे, मावशी कार्ड देते आणि आई महिना देते.

म्हणजे मावशीच्या पासपोर्टवर शिक्का आहे की ती देशात नाही. आणि तिच्या पगाराच्या पावतीवर आहे की ती रोज चौदा तास लाँड्रीत आहे. नऊ वर्षं, नऊ वेळा.

मग ते काम कोणी केलं?

मावशी खाली गेल्यावर मी आईला सांगितलं. आईने ताटं घासता घासता ऐकलं. नळ बंद केला.

"हे तू वकीलबाईला बोललीस?"

"नाही."

"बोलायचं पण नाही. मावशीला तर मुळीच नाही. तिने कार्ड वापरू दिलं हे कबूल करायचं म्हणजे तिची नोकरी गेली. वर दंड, चौकशी. ज्या झाडाखाली बसलो त्याच्यावरच कुऱ्हाड घालायची?"

"मग काय, जायचं?"

आईने नळ पुन्हा सोडला. जोरात.

१५ जून, सोमवार

सोमवारी मावशीची सुट्टी असते. मी खाली गेले. आईला न सांगता.

"ये गं मुकाबाई," मावशी म्हणाली. चहा दिला. मी चहा प्यायले. दुसरा दिला, तो पण प्यायले. तिने तिच्या पायाच्या नखाची गोष्ट सांगितली, शेजारच्या बाईच्या मांजराची सांगितली. मी घसा खाकरला.

"सर्दी झालीय का?" मावशी म्हणाली.

"हो," मी म्हणाले आणि वर आले.

मी गाढव आहे. आज चौकोन भरला, उंचीचा. भरला म्हणजे, रिकामा ठेवून खाली पेन्सिलने 'मोजायची आहे' असं लिहिलं.

१८ जून, गुरुवार

चिठ्ठी लिहून नेली. जमत नाही तर जमत नाही, लिहिता तर येतं. सगळं लिहिलं. पासपोर्ट, पावत्या, आठ वर्षं, तीस तारीख. खाली लिहिलं, तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही, आईला यातलं काही माहीत नाही.

मावशी नुकतीच कामावरून आली होती, पाय गरम पाण्यात घालून बसली होती. चष्मा लावून वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं.

"म्हणजे स्वतःचं घर जाळून कोळशाचा धंदा कर म्हणतेस मला?"

मी तिचा टॉवेल पुढे केला.

"बावीस वर्षं. बावीस वर्षं मी त्या इस्त्रीसमोर मान खाली घालून उभी राहिले. कशासाठी? कुणी बोट दाखवू नये म्हणून. आणि तू चार ओळी लिहून आणतेस, की मावशी, जाऊन सांग मी खोटारडी आहे."

"तू खोटारडी नाहीस."

"मग काय आहे?"

तिने पाय बाहेर काढले, पुसले, चिठ्ठीची घडी करून माझ्या हातात दिली. चार कोपरे अगदी जुळवून. सवयच आहे ती.

"जा. तुझी पाळी कधीच सुरू झाली."

तिच्या पायांचं पाणी अजून वाफाळत होतं. मी ते ओतायला उचललं तर म्हणाली, ठेव.

२१ जून, रविवार

तीन दिवस मावशी माझ्याशी बोललेली नाही. एक वाजता दारात कार्ड देते तेही आईकडे न बघता. आई मला विचारते, काय केलंस. मी म्हणते, काही नाही.

पण आजचं वेगळंच.

सकाळी बाबा उठले, कामाचे कपडे चढवले, गुडघ्याचे पट्टे पिशवीत टाकले आणि बूट घालायला बसले.

"कुठे?" आई म्हणाली.

"कामावर."

"आज रविवार आहे."

बाबा थांबले. बुटाची नाडी हातात तशीच. मी आधी हसणार होते. मग आईच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू गिळलं.

आई त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. "तीन आठवडे झाले ना?"

"बावीस दिवस," बाबा म्हणाले. "ठेकेदाराने सगळ्यांचे कागद मागितले. तपासणी सुरू आहे म्हणाला. माझ्याकडे बघायला सुद्धा तयार नव्हता, अकरा वर्षांनी लहान आहे माझ्यापेक्षा."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगू? तुम्ही दोघी चादरी ओढा, मी बसने शहरभर फिरतो?"

मला ते स्वच्छ पट्टे आठवले. मला इतकी लाज वाटली की मी भिंगरीची वेणी घालायला गेले. तिची वेणी आधीच घातलेली होती. सोडून परत घातली.

मग भांडण झालं. हळू आवाजातलं, आमच्याकडे तसंच होतं, भिंती पातळ आहेत.

बाबा म्हणाले, तिकडे गेलं तर निदान रस्त्याने मान वर करून चालता येईल. आई म्हणाली, तिकडे कोण आहे? आत्या होती ती गेली, घर काकांनी भाड्याने दिलंय. भिंगरीला तिकडची भाषा फक्त शिव्यांपुरती येते. बाबा म्हणाले, किती दिवस दुसऱ्याच्या उपकारावर. आई म्हणाली, उपकार? मी नऊ वर्षं महिना महिना दोन पाळ्या ओढल्यात. ते उपकार नाहीत, ती मेहनत आहे.

मग आई उठली. "तुम्हाला जायचं असेल तर तुम्ही जा. मी धरून ठेवत नाही. चादरीचं एक टोक मी धरते, दुसरं पोरगी धरेल. पण माझ्या भिंगरीला मी स्वेच्छेने कुठे नेणार नाही."

भिंगरीने कोपऱ्यातून विचारलं, "आपण तळ्यात आहोत की मळ्यात?"

बाबांनी मिठाची बरणी उचलली आणि कागद उलगडला. खूप वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सतरा दिवसांत नाव, जन्मतारीख आणि डोळ्यांचा रंग?"

"उंची मोजायची राहिलीय," मी म्हणाले.

बाबा हसले. बावीस दिवसांत पहिल्यांदा. बाहेर कुठे हसले असतील तर माहीत नाही, पण मी तरी ऐकलं नव्हतं.

२४ जून, बुधवार

मावशी आज कामावर गेलीच नाही. सकाळी आमचं दार वाजलं. बिस्किटांचा मोठा डबा काखेत घेऊन मावशी. टेबलावर डबा आपटला. आत पावत्या, दोरीने बांधलेल्या, वर्षावार. आणि दोन पासपोर्ट, जुना आणि नवा.

"नऊ वर्षांच्या आहेत," म्हणाली. "मी काही फाडत नाही. मला फाडायला कुणी सांगितलं नव्हतं."

आई उभी राहिली. "हे काय आहे?"

"तुझ्या मुक्या पोरीला विचार. ती बोलली नाही तर चिठ्ठी लिहून देईल."

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीत शिरले असते. मग ती मावशीला म्हणाली, "ताई, नको. मी तिला ताकीद दिली होती. तुमची नोकरी जाईल."

"जाईल. गुडघे त्याआधीच गेलेत." मावशी खुर्चीत बसली. "बघ गं, मी काय काय विचार केला. तीस तारखेनंतर तुम्ही नाही. एक वाजता मी कार्ड कुणाला देणार? त्या इस्त्रीला? आणि लोकांच्या नोंदीत मी चौदा तास काम करणारी राक्षसीण. मला साठीला मेडल देतील. त्यापेक्षा खरं सांगते. मुकाबाई, काय काय कबूल करायचं ते वाच."

गेल्या शनिवारी, कुणाचंही नाव न घेता, वकीलबाईकडून लिहून आणलेली यादी मी वाचत गेले. कार्ड दिलं? "दिलं." दर महिन्याचा दुपारचा पगार हिला दिला? "पै न पै." खोली हिला दिली? "दिली, गळका नळ धरून." तिच्या चेहऱ्यावर मला वाटतं मजा होती.

"शाळेत पालक म्हणून सही केली," मी वाचलं, "पण मुलींची पालक नाही. मुलींशी कोणतंही नातं नाही."

मावशी म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"हे लिहावंच लागेल?"

"हो. नाहीतर आईची पालक म्हणून नोंद होणार नाही."

"दोघींचं?"

"दोघींचं. मागच्या तारखेपासून."

ती उठून खिडकीशी गेली. आमच्या खिडकीतून काही दिसत नाही, समोरची भिंत दिसते. ती भिंतीकडे बघत राहिली. नोकरी जाणार त्याचं तिला काही नाही आणि शाळेच्या एका चौकोनावर अडून बसली. मला कळेना. शाळेची तर तिला कटकटच व्हायची, दर सहा महिन्यांनी रजा टाकून पालकसभेला जायची, आल्यावर कोटाला ब्रश मारून ठेवायची.

आई मात्र उठली, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि दोघी मिळून ती भिंत बघत राहिल्या.

"प्रगतिपुस्तक माझ्याकडे राहू दे," मावशी म्हणाली. "या वर्षीचं."

"सगळी राहू देत," आई म्हणाली.

२७ जून, शनिवार

वकीलबाईने पावत्या आणि शिक्के शेजारी शेजारी लावले. पहिल्या वर्षाचं जुळलं, दुसऱ्या, तिसऱ्या. सातव्या वर्षी मावशी गेलीच नव्हती, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. वकीलबाईने पेन खाली ठेवलं. मग मावशी म्हणाली, "अहो, मी दवाखान्यात अकरा दिवस होते. कार्ड रोज टिंग करत होतं." वकीलबाईने टाळी वाजवली. म्हणाली, पोटावरची खूण सुद्धा पुरावा आहे. मावशी म्हणाली, ती कुणाला दाखवायची ते मी ठरवीन.

वकीलबाईने स्पष्ट सांगितलं, खात्री नाही. अर्ज मजबूत आहे, पण खात्री नाही. मी हे बाबांना तसंच्या तसं सांगितलं, एक शब्द गोड केला नाही. बाबा आले होते. पिशवीतल्या जुन्या वहीत त्यांनी बसवलेल्या फरश्यांचे पत्ते होते, पेन्सिलने, मापं लिहून. कधीचे म्हणून विचारलं तर म्हणाले, पहिल्या दिवसापासूनचे. नाव नाही, फक्त मापं. वकीलबाई म्हणाली, यातल्या तीन घरांनी जरी ओळखलं तरी पुष्कळ. बाबांनी विचार करायला वेळ मागितला नाही. उठले आणि तिथूनच निघाले.

संध्याकाळी दोन घरांच्या चिठ्ठ्या आणल्या. तिसऱ्या घरी म्हातारीने ओळखलं पण आधी बाथरूमची एक सुटलेली फरशी बसवून घेतली, मग चिठ्ठी दिली.

"पट्टे मळले," बाबा म्हणाले आणि दाखवले.

जायचा कागद अजून टेबलावर आहे. बाबांनी तो फाडला नाही. आता आम्ही काही फाडत नाही.

३० जून, मंगळवार

कचेरीत दोन रांगा होत्या. डावीकडची जायची, दारापासून पार रस्त्यापर्यंत. माणसं, बॅगा, झोपलेली मुलं. उजवीकडची राहायची, तिथे मोजून सहाजण.

आम्हाला बघून पहारेकऱ्याने न विचारताच डावीकडे हात केला.

"उजवी," बाबा म्हणाले. इथल्या भाषेत. एवढाच शब्द. पण असा म्हणाले की पहारेकरी बाजूला झाला.

डाव्या रांगेतल्या एका बाईने आमच्याकडे बघितलं. कडेवर बाळ होतं. तिने मान हलवली, वेडे आहात अशी की भलं होवो तुमचं अशी, मला कळलं नाही. मला तिचं वाईट वाटलं आणि तिला बहुतेक आमचं.

खिडकीत तरुण कारकून होता. डोळ्यांखाली काळं. वकीलबाईने गठ्ठा दिला. त्याने पासपोर्ट उघडला, पावती उघडली, परत पासपोर्ट.

"तुम्ही एकाच वेळी दोन देशांत होता?" मावशीला म्हणाला. बावीस वर्षांनीही कचेरीत तिची इथली भाषा पळून जाते. मी मावशीला सांगितलं.

"त्याला म्हण, तेच सांगायला आलेय. मी तिकडे माझ्या बहिणीच्या अंगणात मिरच्या वाळवत होते. इकडे ही होती." आईकडे बोट. "नऊ वर्षं. हिचं काम माझ्या नावावर आहे, ते काढ आणि हिच्या नावावर टाक."

मी सगळं सांगितलं. मिरच्यांसकट. कारकुनाने लिहिताना मान वर केली नाही, पण ओठ जरा हलले.

त्याने सांगितलं, लाँड्रीला पत्र जाईल. मावशी म्हणाली, जाऊ दे, काल मीच सांगून आले. खरंच सांगून आली होती. कडक इस्त्री पहिल्यांदा खुर्चीत वाकडा बसला म्हणे. आईला आणि तिला दोघींनाही उद्यापासून येऊ नका म्हणाला. मला काही म्हणाला नाही, मी कुठल्याच कार्डावर नव्हते.

मग तो चौकोन आला.

"दोन्ही मुलींशी नातं?" कारकून म्हणाला.

मी मावशीला सांगितलं. तिला उत्तर माहीत होतं, आम्ही दोनदा घोकलं होतं. काही नाही, एवढंच म्हणायचं होतं. वकीलबाईने मान डोलावली. मावशीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने तो चांगला कोट घातला होता, इतक्या उकाड्यात. कपाळावर घाम.

"काही नाही," ती म्हणाली. खूप हळू. माझ्याकडे न बघता, खिडकीच्या कडेकडे बघत.

आता मला ते इथल्या भाषेत म्हणायचं होतं. दोन शब्द. दुसऱ्याचं बोलणं असलं की माझी जीभ चालते, पण तेव्हा चालेना. कारकून वाट बघत होता. मागे भिंगरी मावशीचा कोट धरून उभी होती.

"पालक नाही," मी म्हणाले. "सही पालक म्हणून केली, पण पालक आई आहे. हे लिहा. पण काही नाही, असं लिहू नका."

वकीलबाईने माझ्याकडे चमकून बघितलं. हे मावशी बोललेली नव्हती. हे माझं होतं.

"मग काय लिहू?" कारकून म्हणाला. "आईची बहीण?"

"नाही."

"वडिलांकडची?"

"नाही."

"मग कोण?"

"मावशी," मी म्हणाले. आपल्याच भाषेत, कारण त्यांच्याकडे त्यासाठी शब्द नाही.

"असा पर्याय यादीत नाही."

"यादीच्या बाहेर लिहा. कडेला जागा आहे."

त्याने वकीलबाईकडे बघितलं. ती म्हणाली, कडेला लिहायला बंदी नाही. तो म्हणाला, मला लिहिता येणार नाही. मग त्याने कागद खिडकीखालून माझ्याकडे सरकवला आणि पेन दिलं, आणि मी कडेच्या पांढऱ्या जागेत लिहिलं. आधी आपल्या अक्षरात, मग खाली त्यांच्या. शिक्का मारताना तो शब्दावर येऊ नये म्हणून त्याने जरा बाजूला मारला.

मावशीला काय झालं कुणास ठाऊक, तिला शिंका येऊ लागल्या. रुमाल काढून बराच वेळ नाक पुसत होती. आई म्हणाली, कोट काढा ताई. नाही काढला.

निकालाला सात-आठ महिने लागतील. नामंजूर झालं तर काय ते आम्हाला माहीत आहे. तोपर्यंत आम्हाला कुणी हात लावू शकत नाही, पण आम्ही इथेच आहोत हे दाखवायला दर सोमवारी येऊन सही करायची. मोठ्यांनी, चुकवायची नाही. बाबांनी मला विचारलं, पूर्ण नावाची सही ना? मी विचारून सांगितलं, हो, पूर्ण.

निघताना कारकून म्हणाला, "सोमवारी. नऊ वाजता उघडतं."

बाबा, आई, मावशी दारापर्यंत पोचले होते. मी मागे वळले.

"आम्ही साडेआठला येतो," मी म्हणाले.